तेहेतिसाव्या पानावरची मुलगी

“पानांचे कान दुमडता का?”

लायब्ररीच्या काउंटरमागून गोपाळकृष्णकाकांनी मान वर न करताच विचारलं आणि नम्रता दचकलीच. तिची तयारी वेगळ्याच प्रश्नाची होती. नम्रता मेश्राम असं नाव सांगितलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला, “मेश्राम म्हणजे नक्की कुठले?” आणि तो ‘नक्की’ असा काही लांबवायचे की आपण कुठले हे आपणच विसरून जावं. शाळेत विचारलं, सोसायटीत विचारलं, कपडे न्यायला येणाऱ्या इस्त्रीवाल्यानंसुद्धा विचारलं. आणि हा माणूस विचारतोय काय, तर कान!

“नाही,” ती म्हणाली.

“जेवताना वाचता?”

“हो.”

“वाचा. वरणाचा डाग पडला की पुस्तक तुमचं झालं. एका वेळी दोन न्यायची. जिना उतरताना धाडधाड नको, खाली दाताचे डॉक्टर आहेत. त्यांचे पेशंट आधीच घाबरलेले असतात.”

बस. झाली ती मेंबर.

आता ही नम्रता कोण, तर चौदा वर्षांची, नववीतली, जूनमध्येच नागपूरहून आलेली. तिच्या बाबांना हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी लागली, म्हणजे तेव्हा सगळ्यांच्याच बाबांना लागत होती. सकाळी कंपनीची बस त्यांना अलका चौकातून उचलायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. आई नर्स, तिच्या ड्यूट्यांचा काही नेम नाही. नारायण पेठेतला दोन खोल्यांचा फ्लॅट, दप्तरात किल्ली, आणि दुपारभर सोबतीला फ्रिजचा आवाज.

नागपुरात ती अशी नव्हती हो! तिकडे आई म्हणायची, पोरी, तोंडाला जरा झाकण लाव. इकडे झाकण लागलं ते दुसऱ्याच आठवड्यात. वर्गात बाईंनी विचारलं, मागच्या बाकावर काय चाललंय, आणि ही उभी राहून म्हणाली, “लिहून राहिली ना, मॅडम.” झालं! अख्खा वर्ग फुटला. अभय नावाचा एक अतिशहाणा होता, तो म्हणाला, “राहिलीस ना? मग आता निघ.” बाईसुद्धा हसल्या. तोंडावर हात धरून, पण हसल्या. त्या दिवसापासून नम्रता प्रत्येक वाक्य आधी डोक्यात घासूनपुसून घ्यायला लागली, आणि ते चकचकीत होईपर्यंत बोलायची वेळच निघून जायची. शेजारी सोनाली बसायची. चांगली होती ती, खरंच. पण तिचा ग्रुप पहिलीपासूनचा, डबे एकत्र, क्लास एकत्र, गणपतीत कुणाकडे आरतीला जायचं तेसुद्धा ठरलेलं. “तुमच्याकडे बसतो?” तिनं एकदा विचारलं. “नाही, आम्ही बौद्ध,” म्हटल्यावर ती “अच्छा” म्हणाली, आणि तो ‘अच्छा’ इतका सभ्य होता की त्यापुढे बोलायला काही उरलंच नाही.

मग मधल्या सुट्टीत नम्रता प्रयोगशाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन डबा खायला लागली. पटापट खायची. कुणी आलंच तर आपलं जेवण कधीच झालंय, आपण नुसतं हात धुवायला आलोय, असं दाखवता यावं म्हणून.

आणि मग ते पुस्तक मिळालं.

लायब्ररीत अगदी मागं, खिडकीखाली एक फळी होती. काकांनी तिच्यावर खडूनं ‘टीन’ लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात ‘डबा नव्हे, वय’. अमेरिकेला निघालेली घरं जाताना पुस्तकं देऊन जायची, तिकडून परतलेली घरं आल्यावर द्यायची, त्यातलीच ही सगळी इंग्रजी पुस्तकं. नम्रतानं कव्हर बघून एक उचललं. टिल्डा नावाची मुलगी. तिच्या बापाला एका बंदरावर नोकरी लागते, नवं गाव, नवी शाळा, तिचं बोलणं तिथल्या पोरांना खेडवळ वाटतं. नम्रता मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचतेय, वाचतेय, आणि तेहेतिसाव्या पानावर ही टिल्डा मधल्या सुट्टीत सायकलींच्या शेडमागं जाऊन सँडविच खाते. पटापट. कुणी बघू नये म्हणून.

नम्रतानं पुस्तक मिटलं आणि पंख्याकडे बघत बसली. हिला कसं कळलं? ही लिहिणारी कुठली कोण बाई, समुद्रापल्याड बसलेली, तिला टाकीची गोष्ट कुणी सांगितली? आणि गंमत म्हणजे तिला बरं वाटलं, ताप उतरताना घाम सुटतो ना, तसं. तिनं पान परत उघडलं. आणि तेव्हा तिला दिसलं, पानाच्या तळाशी तेहेतीस हा आकडा आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं काढलेला बारीक, नीटस गोल.

सगळं पुस्तक चाळलं. दुसरीकडे कुठं रेघसुद्धा नाही. फक्त तिथंच.

म्हणजे अजून कुणीतरी नेमकं इथंच थांबलं होतं! ह्याच शहरात, ह्याच लायब्ररीत, कुणालातरी ते सँडविच घशात अडकलं होतं!

पुढच्या शनिवारी तिनं फळीवरची पुस्तकं उघडून उघडून बघितली, आणि काय सांगावं, जवळजवळ प्रत्येकात तेहेतिसावर गोल! मग ही घरी नेणार आणि आधी ते पान वाचणार. एका पुस्तकात त्या पानावर एक मुलगा गच्चीत एकटा बसलेला निघाला, झालं, हिला पटलं. दुसऱ्यात एक आजारी बहीण निघाली, तेही पटलं. तिसऱ्यात नुसती कुत्र्याची आंघोळ होती, तर त्यावर दोन दिवस विचार करून हिनं ठरवलं की तिच्याकडे कुत्रा असणार. तिच्याकडे म्हणजे त्या मुलीकडे. मुलगीच, चौदाची, फार तर पंधराची, चष्मा असलेली, आणि तिलाही कुणी नसलेली. आता खरं तर लायब्ररीतल्या कुठल्याही जुन्या मेंबरनं हिला एका मिनिटात सांगितलं असतं की तो गोल कशाचा. पण विचारायचं म्हणजे बोलायला हवं, आणि बोलायचं म्हणजे वाक्य घासायला हवं.

त्या मुलीशी बोलताना मात्र घासायला लागायचं नाही. दुपारी गॅसवर चहा ठेवून नम्रता मोठ्यानं बोलायची, “पाह्य ना, आज बी मले कोणी विचारलं नाही. तुले विचारलं का?” नागपुरात राधा होती, हिची बालमैत्रीण. नेट कॅफेत जाऊन हिनं तिला लांबच्या लांब मेल लिहिली, तर तिचं उत्तर आलं, ‘मस्त ना. परीक्षा चालू. नंतर लिहिते.’ ते नंतर काही आलं नाही.

एकच गोष्ट नम्रताला त्या पुस्तकांत खटकायची. पन्नास-साठ पानं झाली की कुणीतरी यायचंच. लाल केसांची मुलगी, नाहीतर शिट्टी वाजवणारा मुलगा. आलं, शेजारी बसलं, सुटला प्रश्न. म्हणून ती सुरुवातच परत परत वाचायची. पुढचं सगळं, लग्नाला गेल्यावर मिठाई खातात तसं, वाचायचं म्हणून वाचायची. आणि कधीकधी वाटायचं, आपलं कितवं पान चाललंय? साठ होऊन गेली की काय, आणि कुणी आलंच नाही?

दिवाळीच्या आधी फळीवर नवीन पुस्तकं लागली. त्यात टिल्डाचा दुसरा भाग, कोरा, तेहेतिसावर काही नाही. नम्रतानं त्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं एक छोटा त्रिकोण काढला. कंपासपेटीतली पट्टी लावून काढला, तिन्ही बाजू सारख्या. आणि परत करून आली.

दिवाळीनंतर पुस्तक फळीवर परत दिसलं. तिनं उघडलं, आणि त्या गोलानं आकड्याला तर घेतलं होतंच, पण बाजूनं फुगून तिच्या त्रिकोणालाही आत घेतलं होतं.

ती जिना धाडधाड उतरली. दाताच्या डॉक्टरांनी दार उघडून बघितलं.

तिसऱ्या भागात तर कमालच. ह्या वेळी समोरून आधी गोल आला होता, पण चांगला मोठा, आणि आत आकड्याशेजारी जागा रिकामी ठेवलेली. त्रिकोणासाठी! नम्रतानं त्यात त्रिकोण बसवला आणि त्या रात्री आईला जेवताना म्हणाली, “माझी एक मैत्रीण झाली.” आई इतकी खूश झाली की वाढता वाढता थांबली. “कोण गं? नाव काय तिचं? घेऊन ये ना घरी.”

आता आली पंचाईत. म्हणजे हिला आता ती मुलगी शोधणं भागच होतं.

“काका, ती टीनची पुस्तकं कोण नेतं?” तिनं विचारलं. वाक्य चारदा घासलेलं होतं.

“वाचक नेतात.”

“नाही, म्हणजे, नाव…”

“ही लायब्ररी आहे, वधू-वर सूचक मंडळ नाही. टिल्डाचा चौथा भाग शनिवारी काढतोय. सकाळी येऊन बसा, कोण नेतं ते डोळ्यांनी बघा. बघायला फी नाही.”

शनिवारी नम्रता हिरवा कुर्ता घालून, मामानं नागपूरहून पाठवलेली संत्रा बर्फी डब्यात घालून येऊन बसली. मासिकांच्या बाकावर, जिन्याकडे तोंड करून. चौथा भाग फळीवर होता, तिनं हातसुद्धा लावला नाही. एक बाई आल्या, दिवाळी अंक घेऊन गेल्या. मग जिन्यावर हलकी, भरभर पावलं वाजली आणि चष्मा घातलेली, वेणी घातलेली, अगदी तश्शी एक मुलगी वर आली! नम्रता अर्धी उठलीच. मुलगी काउंटरपाशी म्हणाली, “आईचं पाककृतीचं पुस्तक बदलून द्या, मला क्लास आहे,” आणि घेऊन गेलीसुद्धा. नम्रता परत बसली.

मग बऱ्याच वेळानं एक आजोबा आले. कडक इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, पँटला धार, मागं चापून बसवलेले पांढरे केस, पावडरचा वास. ते सरळ मागच्या फळीपाशी गेले. चौथा भाग काढला. नम्रताला वाटलं नातीसाठी असेल, आणि तिच्या मनात आलं, तर मग ती नात! पण आजोबांनी तिथंच उभ्या उभ्या पुस्तक उघडलं, पानाचा आकडा शोधला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तिथं काही नव्हतं. त्यांनी पान उलटं करून मागूनही बघितलं. मग खिशातून एक बोटभर पेन्सिल काढली.

“देवधर, आधी वाचा तरी!” काका काउंटरवरून ओरडले. “वाचायच्या आधीच खूण? उद्या जेवायच्या आधीच आचवाल.”

“विसरतो रे मी नंतर.”

“सगळे पेन्शनर असेच,” काका आता नम्रताला सांगत होते, कारण दुसरं कुणी नव्हतंच. “वाचलेलं पुस्तक परत घरी जाऊ नये म्हणून प्रत्येकाची एक खूण. सानेबाई सतराव्या पानावर फुली मारतात. एक कर्नल आहेत, ते पन्नासाव्यावर सही करतात. आणि हे आमचे रंगनाथ देवधर, तेहेतिसावर गोल.”

नम्रताची नजर त्या बोटभर पेन्सिलीवर गेली. तिच्या आत काय झालं माहितीये, तुम्ही जत्रेत एखाद्याचा हात धरून चालताय, बोलताय, आणि वर बघता तर तो हात भलत्याच कुणाचा. सँडविच नाही. गच्ची नाही. कुत्रा नाही. नुसता एक आकडा. ती मुलगी तिथल्या तिथं, उभ्या उभ्या, नाहीशी झाली.

जावं सरळ उठून, असं तिला वाटलं. आणि तोंडातून भलतंच निघालं.

“तो त्रिकोण माझा आहे.”

आजोबा वळले. तिच्याकडे बघितलं, तिच्या मागं बघितलं, तिथं कुणीच नव्हतं तेव्हा परत तिच्याकडे.

“तुझा?”

“हो.”

“पट्टीनं काढायचीस?”

“हो.”

“मला वाटलं…” ते थांबले. त्यांचा हात उगीचच शर्टाच्या कॉलरकडे गेला.

“अस्सं!” काका म्हणाले. “म्हणून दिवाळीपासून दर शनिवारी इस्त्री. मी समजत होतो, ग्रंथप्रेम.”

“गोपाळ, तू पावत्या फाड,” आजोबा म्हणाले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले.  नम्रतानं डबा पुढं केला.

“मला साखर आहे,” ते म्हणाले, आणि एक वडी उचलली. “नागपूर?”

“हो.”

“कितवीत?”

“नववी.”

“मी एकाहत्तर. उलटं वाच, सतरा. फळी चुकली नाही माझी.” त्यांनी वडी संपवली, रुमालाला बोटं पुसली. “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारीक अक्षर लागेना. मोठ्या अक्षरात मिळतात पोथ्या नाहीतर ही पुस्तकं. पोथ्या मला लागू पडत नाहीत. तिसऱ्या भागाचा शेवट कसा वाटला?”

सहा महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे कशाचंच, कसं वाटलं म्हणून.

“नाही आवडला.”

“का?”

“ते ना जी, पन्नास-साठ पानं झाली का कोणतरी येतेच! येऊनच राहते! खरोखर असं कुठं कोण येते? अन् मंग ते पोट्टी एकदम हसाले लागते, जसं काही झालंच नोहोतं…”

आणि तिनं जीभ चावली. घासायचं राहून गेलं होतं, सगळंच्या सगळं. कानापर्यंत लाल होऊन ती हसण्याची वाट बघत बसली.

आजोबा मान डोलवत होते. “पहिल्या भागात तो शिट्टीवाला येतो ना, मी त्याला शिव्या घातल्या. मोठ्यानं. घरात कुणी नसतं, त्यामुळे चालतं.”

“काहून?”

“पोरगी चांगली एकटी होती. छान चाललं होतं आमचं. हा आला, आता हिचं सगळं नीट होणार, म्हटलं. मग मी काय वाचू?”

नम्रता फस्सकन हसली, आणि लगेच तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती डब्याचं झाकण लावत बसली. ते लागत नव्हतं.

“तुम्हाला कोण वाटलं होतं?” तिनं खालीच बघत विचारलं.

“कोण म्हणजे?”

“त्रिकोण.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “फार नीट असायचा तो. मला वाटलं, भूमिती शिकवत असाव्यात. रिटायर्ड.” आणि मग, “तुला?”

“माझ्याएवढी.”

“हं,” आजोबा म्हणाले. “म्हणजे नुकसान दोघांचंही झालं.”

चौथा भाग मध्ये बाकावर पडला होता. “तू ने,” ते म्हणाले. “तुम्ही न्या,” ती म्हणाली. “तुझे डोळे चांगले आहेत, लवकर संपवशील.” “तुम्ही आधी काढलं.” असं बराच वेळ चाललं, तेव्हा काका म्हणाले, “इथं पंगतीतला आग्रह नको. मी नेऊ का?” तेव्हा कुठं तिनं घेतलं. आजोबांनी दुसरं काही घेतलं नाही. फळीवर बघितलं, एकदोन पुस्तकं काढून परत ठेवली, म्हणाले, राहू दे आज.

जिन्यात ते पुढं होते. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत होते, आणि नम्रता मागं एकेक पायरी थांबत. खाली टिळक रोड शनिवारच्या गर्दीनं नुसता वाहत होता, स्कूटर, बस, रिक्षा, मुलीबाळींना मागं बसवून निघालेले बाप. आजोबांना पलीकडे जायचं होतं. त्यांनी एक हात वर केला आणि पाऊल टाकलं, मग मागं घेतलं. परत हात वर केला. एक मोटरसायकल इतक्या जवळून गेली की निळ्या शर्टाची बाही उडाली. कुणी थांबत नव्हतं, आणि ते हात वर करून तसेच उभे होते, वर्गात उत्तर येत असूनही कुणी विचारत नाही अशा मुलासारखे.

नम्रता त्यांच्या उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात धरला नाही. नुसती उभी राहिली, आणि एक बस हळू झाली तशी म्हणाली, “चला जी.” दोघं निघाले. मध्यावर थांबले, एक रिक्षा जाऊ दिली, परत निघाले.

पलीकडे पोचल्यावर आजोबांनी मान हलवली. पुढच्या शनिवारी, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असावं, पण म्हणाले, “ऊन आहे, नीट जा.” आणि एका गल्लीत वळले. इस्त्रीचा शर्ट पाठीवर चुरगळला होता, बाकावर टेकून.

ते दिसेनासे झाले आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचं घर तर ह्या बाजूला नव्हतंच. पुस्तक आणि डबा एका हातात धरून ती फुटपाथच्या कडेला आली. समोर गाड्या पळत होत्या. तिनं दुसरा हात वर केला, आणि कुणी थांबतंय का ते बघत उभी राहिली.